पिक्चर बघून झालाय, आता पुस्तक वाचायचं का?

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या सदराकडं दोन प्रकारची पत्रं हमखास येतात, एक म्हणजे अभ्यासात मन लागेना आणि दुसरं म्हणजे सुट्टीत काय काय बघितलं. यावेळी दुसऱ्या प्रकारातली बरीच एकाच विषयाची निघाली, हंगर गेम्स, डायव्हर्जंट वगैरे, म्हणजे जग बिघडून गेलंय, वर जुलमी सरकार बसलंय आणि पंधरा-सोळाची पोरं त्याच्याशी भिडायलीत असल्या गोष्टी. म्हणून आज सगळी जागा त्यांनाच. अभ्यासवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

प्रश्न: ताई, मी मूळची केजची, सध्या अकरावीला लातूरला हॉस्टेलवर असते. सुट्टीत चुलतभावाच्या मोबाइलवर हंगर गेम्सचे चारही पिक्चर बघितले, इतके आवडले की काही विचारू नका. आता रूममेटकडं पहिलं पुस्तक आहे, इंग्लिशमधलं. पण भाऊ म्हणायलाय की ष्टोरी माहिती असताना साडेतीनशे पानं कशाला वाचायलीस, तेवढ्यात बायोलॉजीचा एक चॅप्टर होईल. आणि खरं सांगू का, थोडं वाचून बघितलं तर डोळ्यासमोर सारखी ती हिरोईनच यायली. वाचू का देऊन टाकू परत?

उत्तर: वाच गं. बायोलॉजीचा चॅप्टर पण कर, पण हे वाच. ष्टोरी माहिती आहे म्हणजे तुला नेमकं काय माहिती आहे, तर कोण जगतं आणि कोण मरतं तेवढं. तेवढ्यानं रहस्यकथेची मजा जाते, हिची नाही जात.

सुझान कॉलिन्सचं हे पुस्तक २००८ ला आलं, पिक्चर २०१२ ला, आणि पिक्चरची पटकथा लिहिणाऱ्यांत ती स्वतः होती, त्यामुळं दिग्दर्शकानं पुस्तकाची पार वाट लावली ही नेहमीची तक्रार इथं करता येत नाही. घटना बऱ्यापैकी त्याच आहेत. पण पुस्तक सगळं हिरोईनच्या, म्हणजे कॅटनिसच्या तोंडून आहे, तिला जे दिसतं आणि तिला जे सुचतं तेवढंच आपल्याला कळतं, आणि कॅमेरा काही कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आता तिच्या डोक्यात काय चालू असतं? हिशोब. पानोपानी, खाण्याचा हिशोब.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी एका ओळीत, सरकार दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून सोडतीनं पोरं उचलतं, मैदानात सोडतं, एक उरेपर्यंत एकमेकांना मारायचं, आणि सगळं टीव्हीवर. पिक्चरमध्ये कॅटनिस तिच्या मित्राला, गेलला विचारते की सोडतीत तुझं नाव किती वेळा आहे, तो म्हणतो ४२, आपण म्हणतो बापरे, आणि पिक्चर पुढं जातो. पुस्तकात पहिल्याच प्रकरणात हा आकडा आला कुठून ते नीट मांडलंय. बाराव्या वर्षी सोडतीत एक चिठ्ठी, तेराव्याला दोन, अशा वाढत वाढत अठराव्याला सात, हे गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखं. पण घरात खायला नसलं तर जादा चिठ्ठ्या टाकून धान्य घेता येतं, एका चिठ्ठीला एका माणसाचं वर्षाचं धान्य आणि तेल, तेही जेमतेम, याला ते लोक टेसेरा म्हणतात. घरात जेवढी माणसं तेवढ्या चिठ्ठ्या टाकता येतात, दरवर्षी टाकता येतात, आणि जुन्या काही कमी होत नाहीत. आता वही घे. कॅटनिस १६ ची, तिच्या पाच वर्षांच्या पाच, अधिक आई, धाकटी बहीण प्रिम आणि ती अशा तिघींच्या पाच वर्षांच्या १५, झाल्या २०. गेल १८ चा, सात वर्षांच्या सात आणि घरातल्या पाच माणसांच्या ३५, झाल्या ४२. आणि प्रिमची फक्त एक, कारण कॅटनिसनं तिला धान्य घेऊच दिलेलं नाही, स्वतःच्या चिठ्ठ्या वाढवल्या पण तिच्या नाही. नाव निघतं ते त्या एका चिठ्ठीचं. हे गणित डोक्यात बसवून तो सोडतीचा सीन वाच, नाव कुणाचं येणार हे माहिती असून पोटात गोळा येतो का नाही बघ.

तू केजची आहेस म्हणून एक सांगते. तुमच्याकडं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्याच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती पोरीच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात कधीच संपलेली असते, आणि सीझनभर कोयता चालवून फिटली नाही तर राहिलेली पुढच्या साली अंगावर. टेसेरा वाचताना मला उचलच आठवली. आजचं पोट भरायचं आणि त्याच्यापायी पुढची वर्षं लिहून द्यायची. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा त्या पुस्तकातला एक नियम वाटत असेल, केज-धारूरच्या लेकराला असलं घर दाखवावं लागत नाही. अर्थात उचल कितीही वाईट असली तरी तिथं थेट जीवाची सोडत नसते, म्हणून फार ताणत नाही.

दुसरं म्हणजे मॅज. तू म्हणशील ही कोण, तर बरोबर, पिक्चरमध्ये ती नाहीच. सोडतीच्या दिवशी सकाळी गेल आणि कॅटनिस मेयरच्या घरी मागच्या दाराला स्ट्रॉबेऱ्या विकायला जातात, मेयरची मुलगी मॅज महागाचा पांढरा ड्रेस घालून दार उघडते, ड्रेसला सोन्याची छोटी पिन. गेल तिच्यावर उखडतो, तुझ्या फार तर पाच चिठ्ठ्या असतील, मी बारा वर्षांचा होतो तेव्हाच माझ्या सहा होत्या. त्या पोरीची काही चूक नसते आणि त्याचंही खोटं नसतं, दोघं आपापल्या जागी अवघडून उभे. आणि पुढं सगळ्या बंडाची खूण होते ती मॉकिंगजे पक्ष्याची पिन ही तीच, मॅजनं स्वतःच्या हातानं कॅटनिसला लावलेली. पिक्चरमध्ये ती बाजारात मिळते. अडीच तासांच्या आत सगळं बसवायचं तर माणसं कमी करावी लागतात, कळतं मला, पण इथं जरा जास्तच कापलं असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं, मैदानातल्या गुहेतलं कॅटनिसचं आणि तिच्याच डिस्ट्रिक्टमधून आलेल्या पीटाचं प्रेम. पिक्चरमध्ये त्या दोघांचा गुरू हेमिच बाहेरून सूपबरोबर चिठ्ठी पाठवतो, याला किस म्हणतात का असं काहीतरी. पुस्तकात चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. नुसता डबा येतो, आणि कॅटनिस आपलीआपण समजून जाते की एका किसला एक सूपचा डबा असा रेट आहे. ती पीटाशी गोड वागते तेव्हा खरंच वागते का कॅमेऱ्यासाठी वागते हे तिचं तिलाच कळत नसतं, आणि हा घोळ पिक्चरमध्ये चेहऱ्यावर जेवढा आणता येतो तेवढाच आलाय. तू पिक्चर बघून जर टीम पीटा का टीम गेल करत बसली असशील तर पुस्तक वाचल्यावर ते भांडण जरा पोरकट वाटायला लागेल.

आता उलट बाजू पण सांगते, नसता म्हणशील ताई नुसती पुस्तकाची वकिली करायली. सरकारप्रमुख प्रेसिडेंट स्नोचे गुलाबाच्या बागेतले सीन, खेळ चालवणाऱ्या सेनेका क्रेनचं शेवटी ती विषारी बेरी फळं ठेवलेल्या खोलीत जाणं, कॅटनिसची मैदानातली छोटी मैत्रीण रू गेल्यावर तिच्या ११ नंबर डिस्ट्रिक्टमधली दंगल, हे सगळं पिक्चरनं स्वतः घातलंय आणि झकास घातलंय. पुस्तकात शोधू नकोस, सापडायचं नाही, कारण कॅटनिस रानात अडकलीय, बाहेर काय चाललंय तिला कुठून दिसणार. पुस्तकात दंगलीच्या जागी काय आहे, तर पॅराशूटला बांधून एक पाव येतो. ११ नंबरवाल्या उपाशी लोकांनी बहुतेक रूसाठीच पै-पै जमवून घेतलेला, ती गेली तरी परत न घेता हिला पाठवून दिलेला. दंगल बघायला भारी आहे, पण मला विचारशील तर वजन पावाचं जास्त आहे.

राहिला हिरोईनचा चेहरा. पुस्तकातली कॅटनिस सावळी, काळ्या सरळ केसांची, करड्या डोळ्यांची आहे, पण जेनिफर लॉरेन्सचा चेहरा काही जायचा नाही, उगं घालवायच्या मागं लागू नको. राहू दे. जरा पुढं गेलीस की चेहरा तिचा आणि आवाज पुस्तकाचा असं होऊन जातं. आणि हो, शेवटी पीटाच्या पायाचं काय होतं ते पिक्चरमध्ये दाखवलंच नाही. मी पण सांगत नाही.

प्रश्न: नमस्कार. सेलू तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. आठवीतली काही लेकरं हंगर गेम्सचं पुस्तक मागायलीत, पिक्चर सगळ्यांनी मोबाइलवर बघून ठेवलाय. २४ मुलं मैदानात सोडायची आणि एक उरेपर्यंत मारामारी, हे शाळेच्या कपाटात ठेवावं का? उद्या पालक विचारायला आले तर काय सांगू?

उत्तर: सर, पालकांना आधी हेच विचारा की पिक्चर कुणाच्या मोबाइलवर बघितला. थट्टा सोडा, पण मुद्दा तोच आहे, बघून झालेल्या गोष्टीचं पुस्तक तेवढं कुलपात ठेवून काही साधत नाही.

मात्र एक लक्षात घ्या, पिक्चरपेक्षा पुस्तक काही ठिकाणी जास्त कठीण आहे. अमेरिकेत या पिक्चरला पीजी-१३, म्हणजे तेराच्या खालच्यांना पालकांच्या सल्ल्यानं, असं सर्टिफिकेट होतं, त्यामुळं पहिल्या पळापळीत कॅमेरा असा गदागदा हलतो की कोण कुणाला मारायलंय नीट दिसतच नाही. पुस्तकात असा आडोसा नाही. शेवटी ते कुत्र्यासारखे प्राणी येतात, त्यांचे डोळे मेलेल्या पोरांसारखे असतात, आणि केटो या शेवटच्या प्रतिस्पर्ध्याचं मरण पिक्चरमध्ये पटकन उरकलंय ते पुस्तकात रात्रभर चालतं. पण त्यात चव घेऊन लिहिलेलं काही नाही हो. कॉलिन्सचे वडील अमेरिकन हवाई दलात होते, ती लहान असताना व्हिएतनामच्या लढाईवर गेलेले, आणि या पुस्तकाची कल्पना तिला टीव्हीचे चॅनल बदलताना सुचली असं तिनं सांगितलंय, एकीकडं तरण्या पोरांचा रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडं इराकच्या युद्धाची दृश्यं, बदलता बदलता दोन्ही एकात एक मिसळायला लागली. म्हणजे मारामारी बघत मजा घेणाऱ्यांवरच पुस्तक आहे, आणि ते आठवीच्या लेकराला कळतं, आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा लवकर कळतं.

माझं ऐकाल तर पहिलं पुस्तक ठेवा, मागेल त्याला द्या, वर्गात सक्तीनं वाचून घेऊ नका. रूचं प्रकरण तुम्ही आधी वाचून ठेवा, कारण लेकरं त्याच्यावर बोलायला येतील. दुसरं पण चालेल. तिसरं, मॉकिंगजे, ते दहावीपर्यंत थांबवा, त्यात बॉम्बहल्ले आहेत आणि नंतर माणसं आतून मोडतात ते आहे, तेराव्या वर्षी ते एकट्यानं वाचायला जड जाईल.

प्रश्न: मी उदगीरचा, बीए दुसरं वर्ष, शिक्षण सगळं मराठी मीडियम. इंग्लिश कादंबरी आजपर्यंत एक पण पूर्ण झाली नाही, डिक्शनरी बघण्यातच जीव जातो. पिक्चर बघून मग वाचली तर चीटिंग होतं का?

उत्तर: कसलं चीटिंग, तुझ्यासारख्याला तर मी मुद्दाम पिक्चर आधी बघ म्हणेन. कोण कोण आहे, कुठं चाललेत, आता काय होणार हे माहिती असलं की अनोळखी शब्द अडवत नाही, संदर्भानंच कळून जातो. हंगर गेम्स त्यासाठी चांगलं आहे, वाक्यं छोटी, सगळं वर्तमानकाळात, २७ प्रकरणं, आणि प्रत्येक प्रकरण असं तोडलंय की पुढचं उघडावंच लागतं. डिक्शनरी मोबाइलमध्ये ठेव पण प्रकरण संपल्यावरच उघड, मधी नाही. पहिली तीन-चार प्रकरणं कंटाळा येईल, तिथं टिक. आणि फुटपाथवरची झेरॉक्स कॉपी घेऊ नको बाबा, पुसट छपाईनं डोळे जातात आणि नेमकं शेवटचं पान नसतं.

प्रश्न: मी अंबाजोगाईचा निवृत्त माणूस, वय ७१. नात पुण्यात शिकते, ती सारखी असली पुस्तकं वाचते, आता मलाही गळ घातलीय. 'द गिव्हर' नावाचं पुस्तक आणून दिलं आणि त्याचा पिक्चरही पेनड्राइव्हवर टाकून दिला, म्हणाली आबा आधी काय ते तुम्ही ठरवा. हल्लीच्या लेकरांना हे जुलमी राजाचं, बळी देण्याचं एवढं वेड का ते कळत नाही. आणि आधी काय, पुस्तक का पिक्चर?

उत्तर: काका, वेड जुनंच आहे. कॉलिन्सनंच सांगितलंय की हंगर गेम्सच्या मागं थीसियसची ग्रीक कथा आहे, अथेन्सनं ठरलेल्या वेळी सात मुलं आणि सात मुली क्रीटला पाठवायच्या, तिथं चक्रव्यूहात मिनोटॉर त्यांना खाणार. आणि आपल्याकडं एकचक्रा नगरीत बकासुराला गाडाभर अन्न आणि घरटी पाळीनं एक माणूस. कुणाच्या घरची पाळी, आणि त्या घरात कोण म्हणतं की मी जातो, गोष्ट तिथंच सुरू होते. नातीला बकासुर सांगा, ती तुम्हाला कॅटनिस सांगेल, बघा किती जुळतं ते.

आता द गिव्हर. वर केजच्या पोरीला मी पिक्चर बघितला तरी काही बिघडत नाही म्हटलंय, पण इथं बिघडतं. आधी पुस्तक. लोइस लोरीचं हे पुस्तक १९९३ चं, पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबेरी मेडल मिळालं, म्हणजे ही सगळी लाट यायच्या कितीतरी आधीचं. छोटं आहे, दोन-तीन दुपारीत होईल. सगळं कसं शिस्तीत, शांत असं गाव आहे, आणि त्या गावात एक गोष्ट नाहीच, पण ती नाही हे वाचणाऱ्याला बराच वेळ कळत नाही, कारण तिथल्या माणसांनाच माहिती नाही. जोनास नावाचा मुलगा मित्राबरोबर सफरचंद फेकाफेकी करतो आणि सफरचंद हवेत असताना क्षणभर काहीतरी बदलतं. काय बदललं ते त्याला सांगता येत नाही. तो ते घरी आणतो, भिंग लावून बघतो, काहीच नाही, साधं सफरचंद. तुम्हीही त्याच्याबरोबर डोकं खाजवत पुढं जाता, आणि मग कळतं तेव्हा मागची सगळी पानं परत चाळावी लागतात.

२०१४ चा पिक्चर ही गोष्ट पहिल्या मिनिटाला दाखवून मोकळा होतो. त्यांचाही इलाज नव्हता, पडद्यावर ती लपवणार कशी. शिवाय पुस्तकात जोनास बारा वर्षांचा आहे, पिक्चरमध्ये चांगला मिसरूड फुटलेला तरुण केलाय, त्यामुळं एवढ्याशा लेकरावर एवढं ओझं टाकलंय ही जी कळ आहे ती गेली. जेफ ब्रिजेस आणि मेरिल स्ट्रीप आहेत, कामं चांगलीच करतात, नंतर बघा निवांत. पेनड्राइव्ह तोवर कपाटात.

प्रश्न: परभणी. हंगर गेम्सचे पिक्चर चार आणि पुस्तकं तीन, असं कसं? आणि नंतर आलेली, मागच्या काळातली पुस्तकं आधी वाचायची का नंतर?

उत्तर: तिसऱ्या पुस्तकाचे दोन पिक्चर केलेत, २०१४ आणि २०१५ ला, कमाई दुप्पट, दुसरं काय. वाचायचं ज्या क्रमानं छापलं त्याच क्रमानं. आधीची तीन झाल्यावर २०२० चं, प्रेसिडेंट स्नो अठरा वर्षांचा असतानाचं, दहाव्या खेळांचं. ते कुणाच्या तोंडून नाही, बाहेरून सांगितलंय, आणि माणूस हळूहळू कसा बिघडतो ते बघायचं असलं तर जबरदस्त आहे, पण मधला भाग रेंगाळतो. त्याचा पिक्चर २०२३ चा. मग २०२५ चं हेमिचचं, पन्नासावे खेळ, त्यात डबल म्हणजे ४८ पोरं. म्हातारपणीचा दारुडा हेमिच आधी डोक्यात असल्याशिवाय त्याच्या तरुणपणाची किंमत कळत नाही, म्हणून ते आधी वाचू नका.

प्रश्न: ताई मी नांदेडचा, बारावी. डायव्हर्जंटचे तीन पिक्चर बघितले, तिसरा संपला आणि चौथा शोधून शोधून थकलो, कुठल्याच ॲपवर नाही. कुठं मिळेल? मित्र म्हणायलाय बॅन झालाय.

उत्तर: बॅन-बिन काही नाही रे, तो बनलाच नाही. व्हेरोनिका रॉथची पुस्तकं तीन, २०११, २०१२, २०१३ ची. हंगर गेम्सचं बघून यांनीही शेवटच्या पुस्तकाचे दोन पिक्चर करायचं ठरवलं, पण २०१६ ला पहिला अर्धा चालला नाही, मग दुसरा अर्धा टीव्हीसाठी करू म्हणाले, ते पण बारगळलं. म्हणजे पिक्चरवाल्यांची गोष्ट कायमची अर्ध्यात लटकलीय, आणि शेवट फक्त पुस्तकात आहे. तुझ्याकडं पर्यायच नाही, वाच.

थेट तिसरं उघडायला जाऊ नको पण. दुसऱ्या पिक्चरमध्ये ती पेटी उघडायची भानगड आहे ना, ती पुस्तकात नाहीच, आणि तिसऱ्यात तर बरंच काही बदललंय, त्यामुळं मधूनच सुरू केलंस तर गोंधळशील. निदान दुसऱ्या पुस्तकापासून धर. तिसऱ्यात हिरोईन ट्रिस आणि हिरो फोर आळीपाळीनं सांगतात, प्रकरणाच्या डोक्यावर नाव असतं ते बघून मगच वाच, दोघांचा आवाज बऱ्यापैकी सारखाच वाटतो, ही त्या पुस्तकाची कमजोरीच आहे. आणि शेवटावरून तेव्हा लई वाचक भडकले होते. तू पण भडकलास तर पत्र पाठव, छापू, पण शेवट न फोडता लिही, बाकीच्यांचं वाचायचं राहिलंय.